वाचनालयाचा सर्व्हर आर्म बोर्डावर नेताना

पुण्याच्या नारायण पेठेतील एका वाचनालयाची संगणकाची बाजू स्वयंसेवेने सांभाळणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी ठेवणारे कोहा हे सॉफ्टवेअर सध्या एका जुन्या पीसीवर चालते. तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो, त्याच्या पंख्याची घरघर वाचनकक्षात ऐकू येते आणि वीजही बरीच लागते. म्हणून त्यांनी रॉकचिप कंपनीची आरके३३९९ ही चिप आणि ४ जीबी मेमरी असलेला एक आर्म बोर्ड (आर्म जातीच्या प्रोसेसरचा, एकाच पाटीवर मावणारा छोटा संगणक) आणला, रास्पबेरी पाय या दुसऱ्याच आर्म बोर्डासाठीची लिनक्स इमेज एसडी कार्डावर उतरवून ते कार्ड त्यात घातले, आणि पडदा काळाच राहिला. बोर्ड खराब निघाला का, त्यावर लिनक्स घालावे की युनिक्सच्याच वळणाच्या बीएसडी कुळातली एखादी सिस्टिम, आणि इस्की या जुन्या भारतीय लिपी-संकेतातल्या नोंदी युनिकोडमध्ये आणणारा त्यांच्याकडचा सी भाषेतला छोटा प्रोग्राम तिथे चालेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

बोर्ड बहुधा धडधाकट आहे. जे कार्ड आपण त्यात घातले, ते त्या बोर्डाला वाचताच येणार नव्हते. कोणती सिस्टिम घालावी हा प्रश्नही थोडा बाजूला ठेवून आधी ‘हा बोर्ड सुरू कसा होतो’ हे पाहावे लागेल, कारण आर्मच्या बाबतीत निम्म्याहून अधिक अडचणी सिस्टिम चालू होण्याआधीच्या असतात. पीसीवर अनेक वर्षे लिनक्स चालवलेल्या माणसाला हेच पटायला जड जाते, आणि घोडे इथेच पेंड खाते.

पीसीच्या जगात १९८१ पासून एक अलिखित, आणि पुढे लिखितही झालेला, करार चालत आला आहे. कोणत्याही कंपनीचा पीसी घ्या, त्याच्या मदरबोर्डावर बायोस किंवा यूईएफआय हे यंत्र जागे करणारे सॉफ्टवेअर असतेच, ते ठरलेल्या जागी बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, शोधते, पीसीआय या जोडमार्गावरची उपकरणे विचारल्यावर आपली ओळख सांगतात आणि हार्डवेअरची उरलेली माहिती एसीपीआयचे तक्ते देतात. म्हणून एकच इन्स्टॉलर हजार प्रकारच्या पीसींवर चालतो. आर्मचा जन्म वेगळा. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला आर्म प्रोसेसर १९८५ मध्ये चालू झाला, आणि १९९० मध्ये स्वतंत्र कंपनी झाल्यावर तिने चिप विकण्याऐवजी आराखड्याचे परवाने द्यायला सुरुवात केली. परवाना घेणाऱ्या प्रत्येकाने त्या गाभ्याभोवती स्वतःचा मेमरी कंट्रोलर, स्वतःचे घड्याळ, स्वतःची सीरियल आणि स्वतःची सुरू होण्याची रीत बसवली. त्यामुळे ‘आर्मवर चालते’ या वाक्यातून फक्त सूचनांची भाषा जुळते एवढेच कळते; यंत्र जुळते असे कळत नाही.

आता आपला काळा पडदा. रास्पबेरी पायमध्ये सुरुवात आर्म गाभा करतच नाही. चिपमधला ग्राफिक्स भाग आधी जागा होतो, तो कार्डाच्या पहिल्या फॅट पार्टिशनमधल्या ठरावीक नावांच्या फायली वाचतो आणि मग आर्म गाभ्याच्या हाती कर्नल, म्हणजे सिस्टिमचा मूळ गाभा, देतो. (पाय ४ पासून या कामाचा पहिला टप्पा बोर्डावरच्या ईईप्रॉम या कायम स्मृतीत गेला आहे.) रॉकचिपच्या आरके३३९९ मध्ये असे काही नाही. तिच्या पोटातला कायमस्वरूपी कोरलेला बूटरॉम आधी एसपीआय फ्लॅश ही छोटी साठवण-चिप पाहतो, मग ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरचीच मोठी साठवण, आणि शेवटी एसडी कार्ड. आणि कार्डावर तो कोणतीही फाइल शोधत नाही, तर ६४व्या सेक्टरपासून, म्हणजे आरंभापासून ३२ केबी अंतरावर, ओळखीचा शिक्का असलेला बूटलोडर शोधतो. ऑलविनर या दुसऱ्या कंपनीची चिप हेच काम ८ केबी अंतरावर करते. पायच्या इमेजमध्ये त्या जागी काहीच नसते. बूटरॉमला ओळखीचे काही सापडले नाही की तो मुकाट्याने यूएसबीवर वाट पाहत बसतो, आणि यालाच मास्करॉम अवस्था म्हणतात.

हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. कार्ड काढा, बोर्डाचा ओटीजी यूएसबी पोर्ट (ज्यातून बोर्ड स्वतः दुसऱ्या संगणकाला उपकरण म्हणून जोडता येतो तो) दुसऱ्या लिनक्स यंत्राला जोडा, वीज द्या आणि तिथे यूएसबी उपकरणांची यादी पाहा. तिच्यात २२०७:३३०सी अशी ओळख दिसली तर चिप जिवंत आहे आणि आपल्या आदेशाची वाट पाहत आहे. बोर्डावर ईएमएमसी असून तिच्यात कारखान्यातून काही घालून आले असेल, तर ही ओळख दिसणार नाही. पण मग दुसरी अडचण संभवते. ईएमएमसीचा क्रमांक कार्डाच्या आधी लागत असल्यामुळे आपण कार्डावर कितीही योग्य बूटलोडर लिहिला तरी चालेल तो ईएमएमसीतला जुनाच. हे ध्यानात न आल्यामुळे लोक एकच कार्ड दहादा लिहितात.

इथून पुढे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: पडद्याचा नाद सोडा आणि सीरियल केबल, म्हणजे बोर्डाचे संदेश दुसऱ्या संगणकावर अक्षरांत दाखवणारी तार, घ्या. एचडीएमआयवर चित्र येण्याआधी मेमरी सुरू झालेली असावी लागते, बूटलोडर चाललेला असावा लागतो आणि बहुतेक वेळा कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हरही उभा राहिलेला असावा लागतो, म्हणजे सगळे नीट झाल्यावरच तो पडदा बोलतो. सीरियल कन्सोल मात्र पहिल्या टप्प्यापासून ओळी छापू लागतो, आणि बिघाड नेमका कोठे झाला ते शेवटच्या ओळीवरून कळते. तपकीर गल्लीत यूएसबी ते टीटीएल सीरियलचा तुकडा सहज मिळतो, पण घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो ३.३ व्होल्टवर चालणारा असावा. ५ व्होल्टची पातळी या चिपच्या पिनवर गेली तर तो पोर्ट कायमचा जाऊ शकतो. दुसरी गोष्ट मी स्वतः हात पोळून शिकलो. पायचा आणि ऑलविनरचा कन्सोल १,१५,२०० बॉडने (बॉड म्हणजे तारेवरून दर सेकंदाला जाणाऱ्या खुणा) बोलतो, तर आरके३३९९ चा बूटलोडर १५,००,००० बॉडने. पहिल्यांदा अशा बोर्डाशी गाठ पडली तेव्हा मी दोन संध्याकाळी नुसती चौकटी-चिन्हांची रांगोळी पाहत बसलो, आणि वेग बदलल्यावरही ती हटेना, कारण माझ्याकडच्या तुकड्यावरची सीपी२१०२ ही चिप १० लाख बॉडच्या पुढे जातच नव्हती. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता. मी विचारलेच नव्हते. एफटी२३२आर किंवा सीएच३४० असलेला तुकडा या वेगाला पुरतो. जमीन (ग्राउंड) जमिनीला, बोर्डाची टीएक्स (पाठवणारी) पिन तुकड्याच्या आरएक्सला (घेणारीला), आरएक्स टीएक्सला, आणि तुकड्याची वीज देणारी तार मोकळी ठेवायची.

कन्सोल बोलू लागला की पायऱ्या डोळ्यांसमोर येतात. बूटरॉमजवळ चिपच्या आतली थोडीशी एसरॅम ही मेमरी एवढेच भांडवल असते, म्हणून तो एक छोटा लोडर आत घेतो. त्या लोडरचे मुख्य काम बाहेरची डीरॅम, म्हणजे बोर्डाची मुख्य मेमरी, सुरू करणे. मग विश्वस्त फर्मवेअर सर्वांत वरच्या, म्हणजे ईएल३ या अधिकारपातळीवर ठाण मांडते, आणि त्यानंतर यू-बूट हा आर्म बोर्डांवरचा नेहमीचा बूटलोडर येतो. यू-बूट आता यूईएफआयचा पुरेसा भाग पुरवतो, त्यामुळे तिथून पुढे डेबियन या लिनक्सचा ग्रब हा लोडर असो, फ्रीबीएसडीचा किंवा ओपनबीएसडीचा लोडर असो, सर्वांना जवळजवळ पीसीसारखेच अंगण मिळते. बोर्डागणिक बदलते ते यू-बूटपर्यंतचे. डेबियनने आपल्या इन्स्टॉलरची कार्ड-इमेज याच रेषेवर कापून दोन तुकड्यांत ठेवली आहे: पहिला तुकडा बोर्डाच्या नावाचा, दुसरा सर्वांना समान, आणि दोन्ही एकापाठोपाठ एक जोडून कार्डावर लिहायचे. आपल्या बोर्डाचे नेमके नाव त्या यादीत आहे का, हे आधी पाहा. ‘तीच चिप आहे’ म्हणून दुसऱ्या बोर्डाचा तुकडा घातला तर डीरॅमच्या प्रकाराशी किंवा वीजपुरवठ्याच्या जोडणीशी गफलत होऊ शकते.

यू-बूटनंतरची मोठी मेख म्हणजे डिव्हाइस ट्री, बोर्डावर काय कोठे जोडले आहे ते कर्नलला सांगणारी फाइल. आय२सी या दोन तारांच्या जोडणीवर बसलेले उपकरण विचारल्यावर आपले नाव सांगत नाही. ते तिथे आहे हे कर्नलला कुणीतरी आधी सांगावे लागते. पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेत लिहून कर्नलमध्येच कोंबली जाई, आणि हा पसारा इतका वाढला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. त्यानंतर ओपन फर्मवेअर या जुन्या मानकाकडून घेतलेली डिव्हाइस ट्री ही पद्धत आर्ममध्ये रुळली, आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ कर्नलपासून एकाच कर्नलने अनेक चिपकुळांवर चालण्याची सोय झाली. ६४ बिटी आर्मचा आधारही त्याच आवृत्तीत आला. ही वृक्षाकार फाइल बोर्डाचे वर्णन असते, आणि वर्णन चुकले तर बिघाड विचित्र दिसतो. इथरनेटचा दिवा लागतो, आयपी पत्ताही कधी मिळतो, पण मोठी फाइल पाठवली की पाकिटे गळतात. तेव्हा केबल बदलण्याआधी त्या फाइलमधला इथरनेटच्या विलंबाचा आकडा आपल्या बोर्डाचा आहे का ते पाहावे. बोर्डविक्रेत्याने एकदा तयार करून मग वाऱ्यावर सोडलेल्या कर्नलपेक्षा मुख्य प्रवाहातल्या कर्नलने ओळखलेला बोर्ड घ्यावा, असे मी का म्हणतो ते यावरून लक्षात येईल. आरके३३९९ या बाबतीत सुखाची चिप आहे. ती २०१६ पासूनची, म्हणजे जुनी आहे, आणि या व्यवहारात जुने असणे हा गुणच.

आता सिस्टिम. आपल्यासाठी डेबियन, आणि याचे कारण लिनक्स श्रेष्ठ हे नसून कोहा आहे. कोहाची तयार पॅकेजे डेबियन आणि उबुंटूसाठी बांधली जातात; ते मुख्यतः पर्लमध्ये लिहिलेले आहे, आणि पर्ल, मारियाडीबी हा डेटाबेस वगैरे आधाराची सॉफ्टवेअर आर्म६४, म्हणजे ६४ बिटी आर्म, साठी डेबियनमध्ये आहेत. २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून आर्म६४ हे डेबियनचे अधिकृत स्थापत्य आहे, त्यामुळे सुरक्षा सुधारणा पीसीच्या बरोबरीने येतात. फ्रीबीएसडीवर कोहा उभे करता येईलही, पण प्रत्येक नव्या आवृत्तीला पर्लच्या मॉड्यूलांची मोट आपल्यालाच बांधावी लागेल, आणि स्वयंसेवेने चालणाऱ्या कामात उद्या आपल्या जागी येणाऱ्या माणसाचाही विचार करायला हवा.

कोहाची अट नसती तर माझे उत्तर इतके सरळ आले नसते. फ्रीबीएसडीने २०२१ च्या १३.० आवृत्तीपासून आर्म६४ ला पहिल्या श्रेणीत घेतले आहे, आरके३३९९ चे काही बोर्ड त्याच्या तयार इमेजच्या यादीत आहेत, आणि त्याची झेडएफएस ही फाइलसिस्टिम प्रत्येक ब्लॉकची बेरीज ताडून पाहत असल्यामुळे डिस्क गुपचूप सडू लागली तर ते कळते. नुसता फायलींचा साठा करायचा असता तर मी तेच सुचवले असते. ओपनबीएसडी फायरवॉलसाठी उत्तम. आर्म६४ वर ते २०१७ पासून आहे. नेटबीएसडीविषयी माझे मत पक्षपाती आहे हे आधीच सांगतो: माझ्या कोथरूडच्या घरी २०१२ च्या पहिल्या पिढीचा एक रास्पबेरी पाय, ७०० मेगाहर्ट्झचा आणि ५१२ एमबीचा, नेटबीएसडीवर आजही घरचे डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधण्याचे काम, सांभाळतो. त्यातला आर्मव्ही६ गाभा डेबियनच्या आर्मएचएफ या ३२ बिटी आवृत्तीत बसत नाही, कारण तिथे किमान आर्मव्ही७ लागतो. जुने हार्डवेअर सांभाळायचे तर नेटबीएसडीइतका मायाळू आसरा नाही.

इस्कीच्या प्रोग्रामबद्दलचा प्रश्न आपण शेवटी, जाता जाता विचारला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे बिघाड आरडाओरडा न करता होतो. सी भाषेत एक अक्षर साठवणारा ‘चार’ (char) हा प्रकार नुसता तसाच लिहिला तर तो चिन्हांकित (उणे आकडेही घेणारा) की अचिन्हांकित हे मानकाने ठरवलेले नाही. पीसीवरच्या लिनक्समध्ये तो चिन्हांकित असतो, म्हणजे उणे १२८ ते १२७. आर्मवरच्या लिनक्समध्ये तो अचिन्हांकित असतो, म्हणजे ० ते २५५. इंग्रजी मजकुराला याने काही फरक पडत नाही. पण १९९१ च्या इस्की मानकात सगळी देवनागरी १६० च्या वर बसते. ‘क’ चा आकडा १७९. पीसीवर तोच उणे ७७ होतो. पीसीवर भारतीय लिपी दाखवणाऱ्या जिस्ट कार्डाच्या काळातल्या अनेक प्रोग्रामांत ‘अक्षर शून्यापेक्षा लहान असेल तर ते देवनागरी समज’ अशी चलाख तपासणी असे, आणि ती पीसीवर वर्षानुवर्षे बिनचूक चालली. आर्मवर ती अट कधीच खरी होत नाही. एका संस्थेच्या नोंदी असा प्रोग्राम वापरून मी एकदा हलवल्या, तेव्हा चूक म्हणून एकही संदेश आला नाही, ओळींची संख्या जुळली, किमती आणि तारखा जागच्या जागी होत्या. फक्त लेखकांची मराठी नावे सगळी रिकामी होती. पहिल्या पानावर योगायोगाने इंग्रजी पुस्तकेच असल्यामुळे ते आठवडाभर लक्षात आले नाही.

उपाय सोपा आहे. जीसीसी या कंपायलरला ‘चार’ हा प्रकार चिन्हांकित धरायला सांगणारा पर्याय आहे, तो देऊन प्रोग्राम नव्याने बांधा. किंवा त्याहून बरे म्हणजे जिथे अक्षर साठवले आहे तिथे प्रकार स्पष्ट लिहून अटी सुधारा. त्याच वाचनात ‘गेटचार’ या एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनने दिलेले मूल्य ‘चार’मध्ये साठवून फाइल संपल्याची खूण तपासणारे एखादे आवर्तन सापडले तर तेही दुरुस्त करा, आर्मवर ते कधीच थांबणार नाही, कारण ती खूण उणे १ असते आणि अचिन्हांकित चारमध्ये उणे १ बसत नाही. प्रोग्रामचा मूळ मजकूर हरवला असून फक्त पीसीवर बांधलेली फाइल हाती असेल, तर ती आर्मवर थेट चालणार नाही. अशा वेळी आर्मवर पीसीचे अनुकरण (एम्युलेशन) करण्याच्या भानगडीत न पडता जुन्या पीसीवरच शेवटचे एकदा रूपांतर करून घ्यावे.

हार्डवेअरबाबत मोजके सांगतो. कोहाचा डेटाबेस एसडी कार्डावर ठेवू नका. मारियाडीबी प्रत्येक व्यवहारानंतर डिस्कवर खरोखर लिहिले गेल्याची खात्री करून घेते, आणि अशा बारीक विखुरलेल्या लेखनाने कार्ड लवकर झिजते. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलसिस्टिमचे जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) फाइलसिस्टिम वाचवते, पण कार्डाच्या आतल्या कंट्रोलरचा स्वतःचा हिशेब बिघडला तर जर्नल काही करू शकत नाही. बूटलोडर कार्डावर किंवा ईएमएमसीवर राहू द्या आणि डेटा एसएसडीवर ठेवा. विजेचा हिशेबही करून पाहा: जुना पीसी सरासरी ६० वॉट घेत असेल तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात, बोर्ड आणि एसएसडी मिळून ८ वॉट धरले तर ६ युनिटांच्या आत.

बोर्ड ५ व्होल्टवर चालणारा असेल तर चार्जरपेक्षा केबलचा संशय आधी घ्या. ३ अँपिअर वाहताना केबलचा रोध अवघा ०.२ ओहम असला तरी ०.६ व्होल्ट वाटेतच संपतो आणि ५.१ चे ४.५ उरतात. रास्पबेरी पाय ४.६३ च्या खाली गेला की तशी नोंद ठेवतो. त्याच्या स्थिती सांगणाऱ्या आदेशाने ०एक्स५००००  दाखवले तर मागे कधीतरी वीज कमी पडून वेग उतरवावा लागला होता असा अर्थ होतो. इतर बोर्ड अशी नोंद ठेवतीलच असे नाही, ते नुसते अधूनमधून बंद पडतात. आपला बोर्ड १२ व्होल्टचा असेल तर या कटकटीतून बरेचसे सुटलात, आणि राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएसही त्याला जोडता येईल. फक्त त्याची अँपिअर क्षमता बोर्ड आणि एसएसडी मिळून पुरेशी आहे ना ते पाहा. बोर्ड पत्र्याखालच्या बंद कपाटात ठेवू नका. पुण्याचा मे महिना चाळिशीला टेकतो तेव्हा कपाटातली हवा त्याहून तापलेली असते, आणि चिप तापली की आपला वेग स्वतःच उतरवते.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुण्यात कुणाला वेगळे सांगायला नको. पीसीला मदरबोर्डावरची बॅटरी वेळ आठवून देते. पाय ४ पर्यंतच्या रास्पबेरी पायवर तसे घड्याळच नाही, आणि अनेक रॉकचिप बोर्डांवर घड्याळ असते पण बॅटरीची जागा रिकामी असते. वीज आल्यावर राउटर बोर्डाच्या नंतर जागा झाला तर बोर्ड काही मिनिटे जुन्याच तारखेत वावरतो, आणि तेवढ्यात कुणी पुस्तक दिले-घेतले तर दंडाचा हिशेब चुकतो. बॅटरी बसवा, किंवा डीएस३२३१ या चिपचे घड्याळ आय२सीवर जोडा. त्याची चूक २ पीपीएम (दहा लाखांत दोन), म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट, असते. आणि वेळ जुळल्याशिवाय डेटाबेसची सेवा सुरूच होणार नाही अशी अट सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये घाला.

प्रत्यक्ष हलवताना मारियाडीबीच्या फायली उचलून नेऊ नका. कोहाच्या स्वतःच्या डंप आणि रिस्टोअर आदेशांनी नोंदी न्या. मग खरी नोंद सुरू करण्याआधी एक दिवस राखून ठेवा आणि एसएसडीवर लेखन चालू असताना बोर्डाची वीज दहा वेळा मुद्दाम काढा. प्रत्येक वेळी तो कुणी हात न लावता परत उभा राहिला, डेटाबेस सावरला आणि तारीख बरोबर दिसली, तर बोर्ड वाचनकक्षात ठेवा. यादी तपासताना पहिले पान पाहून थांबू नका. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत मधली मधली पाने उघडून लेखकांची नावे वाचा. तोवर जुना पीसी भंगारात देऊ नका.